पाण्याला नाही म्हणणारी कौसाकाकू

आमच्या घरात गहू असायचा, पण तो आमचा नसायचा.

चैत्र लागला की लोकांची पोती आमच्या ओसरीत येऊन पडायची. कुणी टमटममधून आणायचं, कुणी मोटारसायकलवर आडवं टाकून. माझी चुलती कौसाकाकू त्या गव्हाच्या हातशेवया करून द्यायच्या, आणि त्या मजुरीवर आमचं दोन भावांचं एकत्र घर पावसाळ्यापर्यंत तग धरायचं. माकणीच्या धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर आमचं शिवार दिसतं, एवढं जवळ. पण वावर वरच्या अंगाला, आणि पाणी खाली गेलं. "आपलं धरण नुसतं बघायचं," असं तात्या म्हणायचे. तात्या म्हणजे माझे चुलते, काकूंचे मालक. आमचं खाणं ज्वारीचं. शेवया वाळताना खाली चटईवर जे तुकडे पडायचे, ते माझी आई पदरात गोळा करायची आणि सणाला त्याची खीर व्हायची. लोकांचा चुरा खाऊन आम्ही वाढलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला पाहिजे होती, त्यांना कधी वाटली नाही.

जळकोटच्या एका मोठ्या घरच्या बाई शेवया न्यायला आल्या होत्या. मी लहान होते, पण त्यांचा चेहरा आजही आठवतो. येताना सोबत ताजवा घेऊन आल्या होत्या. आमच्या ओसरीत, आमच्यादेखत शेवया तोलल्या आणि म्हणाल्या, "गहू एवढा दिला होता, आणि शेवया एवढ्याच?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "कोंडा काढला. वल उन्हात गेली. तुमच्याकडं ऊन पडत न्हाय व्हय बाई? का तेबी तोलून घेताव?"

"तोंड लई चालतंय तुझं."

"हातबी चालतोय. म्हणून तर जळकोटवरनं इथवर आलाव."

बाई शेवया घेऊन गेल्या आणि पुढच्या वर्षी परत आल्या. मुकाट्यानं, ताजव्याशिवाय. कारण काकूंसारखी तार त्या भागात कुणाच्या हाताला नव्हती. खाटेवर पाट तिरपा लावायचा, बांगड्या चिंधीनं वर बांधून घ्यायच्या, आणि कणकेचा लांबट गोळा तळहाताखाली पुढं-मागं करत राहायचं. पाटाच्या टोकावरून शेवई खाली उतरायची. खाली माझी आई ती झेलून तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर, टाकायची. वरून खाली येईपर्यंत तार तुटायची नाही. ते बघायला बायका पोरांना घेऊन यायच्या.

काकू प्रेमळ बिमळ नव्हत्या. सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आता डोक्यावरून हात फिरवणारी बाई येणार. त्यांनी माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही. त्या सकाळी उठायच्या त्याच कुणावर तरी रागावून. चहा बशीत ओतून विसरायच्या आणि गार झाला म्हणून चहाला शिव्या द्यायच्या. खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. म्हणायच्या, "खुर्चीत बसल्यावर माणूस खोटं बोलतंय." गव्हाचं पोतं आलं की आधी हात घालून एक दाणा काढायचा, दाढेखाली धरायचा आणि चावायचा. काड् असा आवाज आला तर पोतं आत. नुसता दबला तर पोत्याच्या मालकाकडं असं बघायच्या, जसं काही त्यानं घरातलं कुणी मारून आणलंय. मग अडकित्त्यानं दाणा कापून त्याच्या हातावर ठेवायच्या. "बघ. आत काच पायजे, मधाच्या रंगाची. हे तर खडू हाय."

शेवयांना बन्सीच लागतो. चपातीचा गहू वेगळा. पाणी नव्हतं तेव्हा आमच्या भागात बन्सी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर यायचा. थोडा यायचा, बारीक यायचा, पण दाणा गारगोटीसारखा.

मी आठवीत असताना वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी मिळून धरणावरून पाइपलाईन आणली. सामाईक. प्रत्येकाची पाणी घ्यायची बारी ठरली. गावात पेढे वाटले. आमच्या वावरात पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तात्या पाइपाच्या तोंडाशी बसून रडले. त्या रडण्याची मी थट्टा करणार नाही. पण त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याचा मला राग आहे.

कारण बारी आली की पाणी घ्यायचंच, असा नियमच पडला. पिकाला हवं का नको, हे कुणी विचारत नव्हतं. ज्यानं बारी सोडली त्याच्याबद्दल लोक म्हणणार, याला गरज नाही, पुढच्या खेपेला याची कापा. पिढ्यान् पिढ्या तहानलेली माणसं. वाफे तुडुंब भरले की त्यांना बरं वाटायचं. जोडीला युरिया. पेरून उगवलं की सगळा एकदम फेकून मोकळं व्हायचं. गहू काळाभोर व्हायचा, कमरेला लागायचा. बांधावरून जाणारा थांबून बघायचा. मग वारा आला की बन्सी आडवा लोळायचा. त्यातून उरला तो दाणा मोठा, फुगीर, तोलाला भारी. मोंढ्याच्या बाजारात चालून जायचा. सगळे खूश.

आणि काकूंच्या पाटावर शेवया तुटायला लागल्या.

आधी एखाददुसरी. मग पाटाच्या टोकाशी आली की तुटायची. वाळल्यावर तुराटीवरून उचलताना मोडायची, शिजवली की लगदा. काकू कणीक जास्त कुटायच्या, तेल लावून बघायच्या, रात्रभर झाकून ठेवायच्या. काही उपयोग नाही. आणि लोक काय म्हणाले? गव्हाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणाले, कौसाबाईचा हात गेला.

हे वाक्य गावभर फिरलं. पिठाच्या गिरणीत, हळदी-कुंकवात. "वय झालं आता. हातात तार राह्यली न्हाय." ज्या बायकांच्या घरचा गहू पाण्यानं फुगवलेला होता, त्याच बायका हे म्हणत होत्या. मग एकेक पोतं लोहाऱ्याला मशीनवर जायला लागलं. मशीनची शेवई जाड. ती तुटली तरी कळत नाही.

काकूंचं दुसरं काय होतं? जमीन तात्यांच्या नावावर, घर भावकीचं, लेक लग्न होऊन गेलेली. त्यांचं म्हणावं असं एकच होतं, हाताचं नाव. तेच घेतलं.

"माझा हात तोच हाय," त्या ओसरीत बसून रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या. "तुमचाच गहू नासलाय."

पण नासला कशानं, इथं त्यांचा अंदाज चुकला. त्यांनी ठरवून टाकलं, युरियानं. त्याला त्या 'सरकारी मीठ' म्हणायच्या. आमच्याकडच्या सगळ्या जुन्या माणसांचं तेच मत असतं: खतानं चव गेली, खतानं कस गेला. पाण्यावर संशय घेईल कोण? पाणी तर देव. पाइपलाईन आल्यापासून शेवयांच्या गव्हाची एक पट्टी आम्हीही करत होतो, जुन्या विहिरीशेजारी. माझे वडील तिथं युरिया टाकायला गेले, तर काकू आधीच जाऊन पोत्यावर बसलेल्या.

"वैनी, उठा."

"न्हाय."

"अवो, पीक पिवळं पडंल."

"पडू दे. माझ्या गव्हात मीठ पडणार न्हाय."

दुपारची भाकरी त्यांनी पोत्यावर बसूनच खाल्ली. वडील शेवटी हसत घरी आले. गावाला आठवडाभराची करमणूक झाली. त्या वर्षी पट्टीला शेणखताशिवाय काही मिळालं नाही, आणि पाणी मात्र प्रत्येक बारीला मिळालं. गहू निघाला तो आधीपेक्षा वाईट. दाण्यादाण्यावर पांढरे ठिपके. काकूंनी मूठभर दाणे अडकित्त्यानं कापले आणि अडकित्ता भिंतीवर फेकला.

मी तेव्हा लातूरला शेतीच्या कॉलेजात होते. आमच्या घरातून, दोन्हीकडची सगळी भावकी धरून, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कुठंही सांगते आणि मान वर करून सांगते. सुट्टीत आले तेव्हा काकूंनी ते दाणे माझ्यापुढं टाकले. "शिकतीस न्हवं? सांग."

मी सांगितलं. दाणा भरत असताना वरून पाणी मिळत राहिलं की दाणा फुगतो, पण कणकेला चिवटपणा देणारा कस तेवढाच राहतो. दुधात पाणी घातल्यासारखं. आणि तो कस तयार व्हायला नत्र लागतं, जे युरियात असतं. सगळं सुरुवातीला फेकलं तर पाला माजतो, उरलेलं जास्तीच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं, आणि दाण्याच्या वेळी झाड उपाशी. "म्हणजे काकू, तुम्ही पोत्यावर बसलाव तिथं चुकलं. थोडं पेरताना, थोडं पहिल्या पाण्याला, आणि थोडं ओंबी बाहेर पडायच्या आधी, पोटरीत असताना द्यायचं. आणि चीक भरला की पाणी बंद."

काकूंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पाण्याचं खरं. आमचा कोरड्यातला बन्सी काड् वाजायचा. ते ध्यानात आलं न्हाय माझ्या. मिठाचं खोटं."

"काकू, पाण्याचं खरं मानता तर खताचं का नाही?"

"पाणी म्या बघितलंय. खत तू बुकात बघितलंयस."

तात्या खाटेवरून म्हणाले, "दोघीबी गप बसा. खताच्या दुकानातनं दाणा भरायच्या औषधाची बाटली आणलीय, ती मारू." त्या दुकानदारानं मला कधी काय शिकतेस म्हणून विचारलं नाही. बाटली मात्र आमच्या घरात माझ्या आधी पोचली होती. त्याचा मला त्या दिवशी आला तेवढा राग क्वचितच कुणाचा आला असेल. काकूंनी ती बाटली उघडून वास घेतला आणि तात्यांना म्हणाल्या, "आधी तुमी प्या. दाणा भरला तर गव्हाला मारू."

शेवटी पट्टीचे दोन भाग झाले. मधे दोरी. एका अंगाला माझ्या पद्धतीनं खत, दुसऱ्या अंगाला काकूंचं नुसतं शेणखत. "तुझ्याकडं म्या येणार न्हाय, माझ्याकडं तू पाय ठेवायचा न्हाय. शेवया सांगतील." मला पटवायला नव्हे, मला खोटं पाडायला त्या तयार झाल्या, हे मला कळत होतं. पाण्याचं मात्र आमचं दोघींचं एक होतं.

ओंब्यांत चीक भरला, दाणा नखानं दाबला तर दूध न येता पिठूळ लागायला लागला, आणि आमची बारी आली. मीही लातूरहून आले होते.

पाइपलाईनचा वॉल, पाणी सोडायची चावी, आमच्या बांधाजवळच. बारी सुरू करायला गणपतभाऊ आले होते. आमच्यानंतर बारी त्यांची, जनावरांसाठी लावलेल्या घासाला. तात्या फावडं घेऊन वाफ्यांची दारं धरायला निघाले, आणि काकू वॉलवर जाऊन उभ्या राहिल्या.

"गणपा, आमची बारी तुझ्या घासाला घे. गव्हाला पाणी नगं."

गणपतभाऊंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वैनी, काय म्हणलाव?"

"पाणी नगं म्हणलं."

मी हे पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगते, कारण त्याला यातलं वजन कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात कुणी ताट लाथाडलं तर त्याला माफी आहे. पाणी लाथाडलं तर नाही. बाजूच्या वावरातली माणसं हातातलं सोडून आली. तात्यांचा चेहरा काळा पडला. ते कधी बायकोवर ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले. "सरक तिथनं. लोकाच्या पाया पडून पाइप आणलाय. पाण्याला न्हाय म्हणतीस, लाज हाय का?"

"पाया पडून आणलं म्हणून मरंस्तोवर पाजायचं व्हय? पोराला जेवू घालतो म्हणून नरड्यात कोंबतो का?"

"पीक वाळंल."

"वाळायचंच हाय त्याला. पिकणं म्हंजे दुसरं काय असतंय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पुतणीनं डोकं फिरवलंय. कॉलेजचं पाणी लागलं." लोक हसले. मी तोंड उघडलं तेवढ्यात काकूंनी माझ्याकडं न बघता हात वर केला. गप्प. मग त्या माणसाला म्हणाल्या, "माझं डोकं फिरायला दुसरं कुणी लागत न्हाय. ते जलमापासनं फिरल्यालं हाय. तुझ्या बायकोला ठावं हाय, विचार."

गणपतभाऊंनी हळूच विचारलं, "पण वैनी, पुढच्या खेपेला लोक म्हणतील तुमची बारी कापा."

"कापायला येणाऱ्याला म्हणावं, कौसा वॉलवर बसून हाय."

पाणी गणपतभाऊंच्या घासाला गेलं. तात्या आठवडाभर काकूंशी बोलले नाहीत. त्या आठवड्यात नेमका कोरडा वारा सुटला. मी घाबरले होते, लपवत नाही. मुरमाड जमिनीत असं पाणी तोडलं तर दाणा चिमतो. तिथं हे चालत नाही, हेही सांगायला पाहिजे. आमची पट्टी काळी, खोल, खाली ओल धरणारी. काकू रोज जाऊन खुरप्यानं माती उकरायच्या, मुठीत दाबायच्या, गोळा झाला की तो तात्यांच्या खाटेजवळ आणून ठेवायच्या. खाटेच्या पायाशी मातीच्या गोळ्यांची रांग लागली.

गहू कापला. तोलाला थोडा कमी भरला. लोकांनी लगेच ते धरलं. काकूंनी दोन्ही भागांतले दाणे वेगवेगळ्या सुपांत घेतले आणि ओसरीत पाय पसरून अडकित्ता चालवत बसल्या. पाणी तोडल्यानं दोन्हीकडचा दाणा कडक होता. पण त्यांच्या भागात बरेच दाणे अजून खडूसारखे पांढरे. माझ्या भागात जवळजवळ सगळी काच, मधाच्या रंगाची. त्या पुन्हा पुन्हा कापत राहिल्या. सुपं अदलाबदल झाली असतील म्हणून आईला विचारून आल्या. मग माझ्या सुपातला गहू उचलून ओलवायला ठेवला.

ज्या दिवशी शेवया केल्या त्या दिवशी त्यांनी मुद्दाम ओसरीचं दार सताड उघडं ठेवलं. बांगड्या वर बांधल्या. पाटाच्या टोकावरून तार निघाली ती खाटेवरून जमिनीला लागली, आईनं उचलून तुराटीवर टाकली, तरी अजून येतच होती. येणारीजाणारी बाई दारात थांबत होती. काकूंनी कुणाला आत या म्हटलं नाही.

"हात गेलाय म्हणं माझा," त्या पाटाकडं बघत म्हणाल्या. "ह्यो कुणाचा हाय मग?"

दारातल्या बायकांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं. एखादीनं तरी म्हणावं, कौसाबाई, चुकलं आमचं. आजतागायत कुणी म्हटलेलं नाही.

मी विचारलं, "काकू, आता तरी खताचं मानता का?"

"पाणी म्या सोडलं म्हणून हे झालं."

"आणि तुमच्या भागातल्या गव्हालाही पाणी सोडलं होतं की."

काकूंनी कणकेचा नवा गोळा पाटावर घेतला. "खताचं तू बघत जा. माझ्या तोंडानं वदवू नगं."

यापेक्षा जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. पण पुढच्या हंगामात मधली दोरी नव्हती, आणि ओंबी पोटरीत आल्यावर युरियाचं घमेलं त्यांनी स्वतः डोक्यावर घेतलं होतं. पदर तोंडावरून ओढून, कुणी बघू नये म्हणून.

पोती परत यायला लागली. आणि इथं काकूंनी सूड घेतला. प्रत्येक पोत्यातला दाणा कापायचा, आणि खडू निघाला की पोतं परत. "ह्याच्या शेवया व्हत न्हायत. पाण्यात बुडवून मारलाय. घेऊन जावा, आन् मालकाला ईचारा शेवटची बारी कशाला घेतली." बायका चिडायच्या, पदर आपटत जायच्या. पण घरी जाऊन विचारायच्या. शेतीच्या कार्यक्रमात साहेब लोक सांगून जातात ते आमच्याकडं एका कानानं ऐकतात. बायको पोतं परत घेऊन दारात उभी राहते ते दोन्ही कानांनी ऐकावं लागतं. आधी गणपतभाऊंनी बारी सोडली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. बारी सोडली तरी कापायची नाही, असं एका बैठकीत ठरलं. त्या बैठकीला काकूंना बोलावलं नव्हतं. त्या जाऊन बसल्या. जमिनीवर.

काकू गेल्या पावसाळ्यात वारल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, हिवाळ्यात. नोकरीवर परत निघाले होते, एसटीच्या खिडकीशी बसले होते. गुडघे धरल्यामुळं काकू काठी घेऊन मला सोडायला फाट्यापर्यंत आल्या होत्या. पण मला निरोप द्यायचा त्या विसरल्या होत्या. शेजारच्या गावचा कुणी एक तरुण शेतकरी मोटारसायकल थांबवून त्यांना गव्हाबद्दल काही विचारत होता. त्यांनी काठी काखेत मारली होती आणि एका हातानं त्याच्या गाडीचं हँडल घट्ट धरलं होतं. दुसरा हात त्याच्या तोंडासमोर नाचत होता. काय बोलत होत्या ते काचेतून ऐकू येत नव्हतं. तो मान हलवत होता, निघायला बघत होता, आणि काकू हँडल सोडत नव्हत्या. एसटी वळली.

आमच्या पाइपलाईनवर आता चीक भरल्यानंतर काळ्या रानातल्या गव्हाला कुणी पाणी देत नाही, आणि युरिया तीन वेळेला वाटून टाकतात. आमच्या गावच्या शेवया तुटत नाहीत.